पाणी ८१ अंश, मस्की धरून सोडला, चौथ्या दिवशी मेलेला दिसला

मोनोनाकाठी | १९ जुलै, रात्री ११:४२

दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. विषय आडवाटेचा आहे पण अमेरिका-कॅनडात राहणारे आणि मासे गरवणारे इथे बरेच आहेत म्हणून टाकतोय. ज्यांना माशात रस नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

मी मॅडिसनला असतो, विस्कॉन्सिनमधे. लेक मोनोना घरापासून दहा मिनिटं. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने बोटीत नेलं आणि मस्कीचा नाद लागला. मस्की म्हणजे मस्केलंज, पाइकच्या जातीतला सगळ्यात मोठा, १९५५ पासून विस्कॉन्सिनचा राज्यमासा. ह्याला दहा हजार कास्टचा (गळ फेकण्याचा) मासा म्हणतात. मी मोजले नाहीत पण दोन उन्हाळे आणि एक खांदा त्यात गेलाय. लुअरच्या (खोट्या आमिषाच्या) मागे मागे पार बोटीपर्यंत येतो, थांबतो, तुमच्याकडे बघितल्यासारखं करतो आणि खाली निघून जातो. ह्याला फॉलो म्हणतात. माझे अकरा फॉलो झाले होते, मासा शून्य. बायको म्हणते मुली बघत होतास तेव्हाही असंच चालायचं तुझं.

तर १२ तारखेला संध्याकाळी मी आणि मित्र निघालो. आठवडाभर हवा नव्वदच्या वर, वारा अजिबात नाही, काठाला शेवाळाचा तो कुजका वास. फिशफाइंडरवर पाण्याचं तापमान ८१ दिसत होतं. मित्र म्हणाला गरम पाण्यात मस्की जोरात असतो, जितकं फास्ट ओढशील तितकं बरं. आणि निघालं की तसंच! वीडच्या (पाणवनस्पतींच्या) कडेला कास्ट टाकला, बकटेल (केसाळ शेपटीचं लुअर) ओढत बोटीजवळ आणली, रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठ काढायला लागलो (मस्की पुष्कळदा बोटीशीच घेतो म्हणून शेवटी हे करायचं असतं) आणि दुसऱ्या वळणाला पाण्यात काहीतरी पांढरं उघडलं आणि मिटलं. तो त्याचा जबडा होता हे मला नंतर कळलं.

आता चुका सांगतो, कारण त्याच विचारायच्यात. माझा मोठा रॉड दुरुस्तीला दिला होता म्हणून बास ह्या लहान माशाच्या मीडियम रॉडवर छोटी बकटेल लावून गेलो होतो. मासा जवळ आणायला नऊ-दहा मिनिटं लागली, आणि मला तेव्हा त्याचं कौतुक वाटत होतं. नेट पण बासचंच, त्यात डोकं आणि अर्धं अंग मावलं. मग दोघांनी उचलून बोटीत कार्पेटवर घेतला. ट्रेबलचे (तीन काट्यांच्या हुकाचे) दोन काटे निघाले, तिसरा जबड्याच्या कोपऱ्यात हाडात बसला होता तो निघेना, शेवटी पक्कडीने पिळून मोडला. मग फोटो. मित्राचा फोन ओल्या बोटाने उघडेना, मी मासा धरून उभा, कल्ले उघडझाप करतायत, मी ओरडतोय अरे काढ लवकर. फोटो आला, ४४ इंच. पाण्यात परत ठेवून शेपटीच्या मुळाशी धरून ठेवला, दोनेक मिनिटांनी हातातून झटका देऊन गेला. आम्ही टाळ्या दिल्या. घरी येऊन चार वाजेपर्यंत झोप नाही.

१६ ला संध्याकाळी मुलीला घेऊन काठाने फिरत होतो. लव्हाळ्यात पांढरं पोट वर. मुलगी म्हणाली बाबा मोठा मासा. जवळ जाऊन काठीने तोंड वळवलं तर डाव्या कोपऱ्यात मोडलेला काळा काटा. सात वर्षांची पोर, तिने फोटो शंभरदा पाहिलाय, विचारते हा आपलाच का.

नियमांच्या पुस्तिकेत मला तापमानाबद्दल काही सापडलं नाही. सीझन चालू आहे, लायसन्स आहे, मासा सोडला. तरी मेला. गरम पाण्याने मेला का माझ्या हाताळणीने? उन्हाळ्यात मस्की करायचाच नाही का? करायचा तर किती अंशापर्यंत?

बांगडा_तिरफळ | २० जुलै, सकाळी ८:१५

८१ अंश म्हणजे मासा मेला नाही, शिजला 😀 (दिवे घ्या)

सिरियसली, ४४ इंच म्हणजे जवळजवळ पावणेचार फूट, आणि तुम्ही तो पाण्यात परत सोडलात? खात नाहीत का ह्याला? चव कशी असते?

मोनोनाकाठी | २० जुलै, सकाळी ९:०२

फॅरनहाइट हो! सेल्सियसमधे २७ च्या थोडं वर. खाता येतो, इथे ठराविक लांबीच्या वरचा ठेवायला परवानगीही आहे, दिवसाला एक. पण हा वरच्या फळीतला शिकारी, वर्षानुवर्षं दुसरे मासे खाऊन अंगात पारा साठतो. लहान मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी मस्की अजिबात खाऊ नये असं इथलं सरकारच सांगतं. शिवाय काटेही फार. आमच्याकडे खायला ब्लूगिल (छोटा मासा) आणतो, रवा लावून तळतो, बोंबलाची सर नाही पण बरा लागतो.

गंपू_नाशिक | २० जुलै, सकाळी ९:४०

२७ अंश?? आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तेवढं असतं आणि त्यात रोहू मस्त खेळतात. एवढ्याने मरतो म्हणजे फारच नाजूक दिसतोय तुमचा वाघ.

अर्धी_मिनेसोटाची | २० जुलै, सकाळी ११:३०

मोनोनाकाठी, आधी हे की मनाला फार लावून घेऊ नका. आमच्या बोटीत पण हे झालंय. मिनेटोंका तळ्यावर, आमच्या चौथ्या की पाचव्या वर्षी, ४७ इंची होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाडीत तरंगताना दिसला. नवऱ्याने त्यानंतर तो सीझन रॉड हातात घेतला नाही. त्यामुळे जे लिहितेय ते उपदेश म्हणून नाही, आम्ही पैसे मोजून शिकलो ते आहे.

तुमच्या दोन्ही शंका एकच आहेत. गरम पाणी आणि वाईट हाताळणी वेगवेगळे नाहीत, गुणाकार होतो. हेच सगळं तुम्ही ऑक्टोबरात ५५ अंशात केलं असतं, तोच छोटा रॉड, तोच कार्पेट, तर बहुतेक मासा जगला असता. आणि हाताळणी एकदम चोख केलीत तरी ८१ मधे खात्री नाही.

आमचा हिशोब असा आहे. ७५ पर्यंत नेहमीसारखं. ७८ दिसलं की फोटो बंद, मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. ८० ला मस्की बंद. इथले बरेचसे मस्कीवाले ८० लाच थांबतात, काही जण ७८ ला. कुणी ८२ म्हणतं, ते मला पटत नाही.

तापमान कुठे मोजता ते पण बघा. फिशफाइंडरचा सेन्सर बोटीच्या बुडाशी, म्हणजे जेमतेम फूटभर खाली. वारा नसलेल्या दुपारी वरचा थर दोनतीन अंश जास्तच दाखवतो. आम्ही दोरीला स्वस्तातला थर्मामीटर बांधून चार फूट खाली सोडतो, दोन मिनिटं ठेवतो, मग बघतो. पण ह्याचा उपयोग पळवाट म्हणून करू नका, कारण मासा सोडताना तो वरच्याच थरात तुमच्या हातात असतो!

आता सामान. तुमचा बासचा रॉड हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. मस्कीला साडेआठ-नऊ फुटी हेवी रॉड, ८० पाउंडी ब्रेड (विणलेली दोरी), आणि पुढे तारेचा किंवा १०० पाउंडाच्या वरचा फ्लुरोकार्बन लीडर (हुकाजवळचा दोरीचा तुकडा). लोक हसतात की एवढा दोरखंड कशाला, पण तो मासा सुटू नये एवढ्यासाठी नसतोच, तो लढत दोन मिनिटांत संपवायला असतो. दहा मिनिटं खेळवलेला मासा म्हणजे भर मे महिन्यात दुपारी सिंहगड पळत चढवलेला माणूस.

नेट असं घ्या की त्यात मासा आडवा राहील, रबर चढवलेल्या जाळीचं. ते बोटीच्या कडेला पाण्यातच धरून ठेवायचं, तो त्याचा पिंजरा. सगळं काम तिथे. आणि बोल्ट कटर! पक्कड नाही, छोटा बोल्ट कटर, हाताच्या लांबीचा. काटा हाडात दिसला की ओढत बसायचं नाही, बाहेरून कचकन कापायचा, उरलेले तुकडे आपोआप गळतात. हुकांचे पैसे मोजायचे नाहीत. आमच्या घरी कटरला नवरा ‘सुईण’ म्हणतो.

फोटो काढायचाच असेल तर फोन आधी उघडून, कॅमेरा चालू करून, मगच मासा उचलायचा. उचलताना तुम्ही श्वास रोखा, तुम्हाला घ्यावासा वाटला की त्याला खाली ठेवा. आडवा धरा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, एक पोटाखाली. जबड्याला धरून उभा लोंबकळवलेला फोटो दिसला की माझं डोकं फिरतं.

मोनोनाकाठी | २० जुलै, दुपारी १२:१०

ताई, खूप आभार. ‘दोन मिनिटांत संपवायला’ हे माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं. मला वाटायचं हलक्या सामानावर मोठा मासा आणला म्हणजे कौशल्य.

रसायनी_पाताळगंगा | २० जुलै, दुपारी २:५५

ऑफिसातून चोरून लिहितोय. पोटापाण्याला पाण्याच्या टेस्टिंगमधे आहे (घाण पाण्याच्या), तेवढ्या अधिकाराने.

सगळे म्हणतात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी. बरोबर आहे, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. २० सेल्सियसला गोड पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, २७ ला साधारण ८. म्हणजे फरक एक मिलिग्रॅमचा, बाराएक टक्के. ह्यात काही मासा मरत नाही.

खरी गोम मागणीत आहे. मासा थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं आणि आतलं इंजिन जोरात चालतं. ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की ऑक्सिजनची गरज अंदाजे दुप्पट. सात अंशांना धरा दीडपट-पावणेदोनपट. म्हणजे पुरवठा थोडा घटला, खर्च भरपूर वाढला. नुसता वीडमधे पडून राहिला तर भागतं, मस्कीला पंचविशीच्या आसपासचं पाणी तसं मानवतं. म्हणूनच तुमचा मित्र म्हणाला ते खरं आहे, गरम पाण्यात तो जोरात असतो, भूक असते, वेगात लुअर पकडतो. पकडायला सोपा होतो तेव्हाच सोडायला कठीण होतो, हीच तर पंचाईत.

मग तुम्ही त्याला दहा मिनिटं पळवलं. स्नायूंना ऑक्सिजन पुरेना, लॅक्टिक अॅसिड साठलं, रक्त आंबट झालं. हे कर्ज फेडायला त्याला पुढचे कित्येक तास जास्तीचा ऑक्सिजन लागतो, आणि तेव्हाच तुम्ही त्याला हवेत धरलं जिथे कल्ल्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि काही आत जात नाही. हातातून झटका देऊन गेला म्हणजे बरा झाला असं नाही. पळण्यापुरतं उरलं होतं ते त्याने वापरलं.

गंपू, रोहू उष्ण मुलखातला, त्याची घडणच वेगळी. उलट रोहूला विस्कॉन्सिनच्या जानेवारीत सोडून बघा.

गंपू_नाशिक | २० जुलै, दुपारी ३:०४

पटलं. शब्द मागे. बिचारा वाघ.

शिकागोकर_जुना | २० जुलै, रात्री ९:२०

सगळं वाचलं. मी पंचवीस वर्षं इलिनॉयमधे फॉक्स चेनवर मस्की करतोय, जुलै-ऑगस्टमधेच जास्त, कारण तेव्हाच सुट्टी असते. शेकडो सोडलेत, मेलेला एकही पाहिला नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीत अपराधी वाटून घ्यायची फॅशन आहे. आणि एवढंच असेल तर रात्री जा की, रात्री पाणी गार होतं.

अर्धी_मिनेसोटाची | २० जुलै, रात्री १०:०५

काका, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा, मान्य. पण दोन गोष्टी. मेलेला मासा आधी तळाला जातो. गरम पाण्यात दोनतीन दिवसांनी फुगून वर येतो, आणि तोवर आपण शिकागोला घरी पोचून आमरस-पोळी खाऊन झोपलेलो असतो. मधल्या वेळात कासवं आणि पक्षी आपापलं काम करतात. मोनोनाकाठींना दिसला कारण ते त्याच तळ्याच्या काठी राहतात.

दुसरं रात्रीचं. रात्री आपल्याला गार लागतं, तळ्याला नाही. हवा वीस अंशांनी उतरली तरी एवढं पाणी रात्रभरात एखाद-दुसरा अंश सोडतं. आणि सगळ्यात कमी तापमान रात्री दहाला नाही, पहाटे उजाडताना असतं. ८२ चं ८१ झालं म्हणून काय मोठं? वर अंधारात हूक काढायला दुप्पट वेळ.

शिकागोकर_जुना | २० जुलै, रात्री १०:४८

एखादा अंशच उतरतो हे मी कधी मोजलं नव्हतं. हवा गार म्हणजे पाणी गार असंच धरून चाललो होतो. बाकी माझं मत कायम आहे.

ब्रॅम्प्टनची_वारी | २१ जुलै, सकाळी ७:३३

इथे ऑंटारियोत मी दोन टोकं बघतो. जॉर्जियन बे एवढा मोठा आणि गार की जुलैतही फारशी चिंता नसते. आणि दुसरीकडे सेंट क्लेअर तळं, अफाट पसरलेलं पण सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. वारा सुटला की वरपासून तळापर्यंत सगळं ढवळून एकसारखं गरम. माशाला पळून जायला गार जागाच नाही. कवार्थातली उथळ तळी पण तशीच.

त्यामुळे ‘किती अंश’ ह्याच्याबरोबर ‘कुठलं तळं’ हे पण विचारा. मोनोनाकाठी, तुमच्याकडे विंग्रा म्हणून बारकं तळं आहे ना? त्यात मस्की पुष्कळ पण ते बशीसारखं उथळ आहे, तिथे मी ७६ ला पण थांबेन.

नदीत गणित अजून वेगळं, तापते लवकर आणि एका पावसात उतरतेही लवकर. रच्याकने, ट्राउटवाल्यांचं बघा, मोंटानात नदीचं पाणी ओळीने तीन दिवस ७३ ला पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात, सरकारी आदेशाने. त्याला हूट आउल म्हणतात. मस्कीवाल्यांना असं कुणी सांगत नाही, स्वतःच ठरवावं लागतं.

मोनोनाकाठी | २१ जुलै, सकाळी ८:५०

विंग्राचं बरोबर ओळखलंत. पण मोनोना तर सत्तर फुटाच्या वर खोल आहे. मग सोडलेला मासा खाली गार पाण्यात का गेला नाही?

रसायनी_पाताळगंगा | २१ जुलै, सकाळी १०:१५

कारण खाली श्वास नाही. उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात, वर गरम हलकं पाणी, खाली थंड जड, मधे थर्मोक्लाइन. खालच्या थराला हवा मिळत नाही. वरून मेलेलं शेवाळ खाली पडत राहतं, ते कुजताना असलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. मोनोना आणि शेजारच्या मेंडोटा तळ्याभोवती शेती आणि शहर, खताचं पाणी तळ्यात, शेवाळ भरपूर. जुलैअखेर खालचा थर जवळजवळ मेलेला असतो. म्हणजे वर उकाडा, खाली गुदमर, आणि मासा मधल्या चारसहा फुटांच्या पट्ट्यात. चाळीतल्या वन रूम किचनमधे पाहुणे आल्यासारखं.

उत्तरेकडची स्वच्छ तळी निराळी, तिथे खालीही ऑक्सिजन टिकतो, सिस्को म्हणून मासा तिथे गार थरात असतो आणि त्याच्या मागे मस्की मोकळ्या पाण्यात हिंडतात.

रेवदंडेकर | २१ जुलै, संध्या. ७:४०

धागा मजेत वाचला. मी आयुष्यभर खाडीत गरवलंय, पागलंय, पहिल्या पावसात चढणीचे मासे पण धरलेत कमरेएवढ्या पाण्यात. त्यामुळे एक प्रश्न अगदी मनापासून, टोमणा समजू नका. खायचा नाही तर धरायचा कशाला? आमच्याकडे कुणी गरीला लागलेला जिताडा मुका घेऊन परत सोडला तर बायको घरात घेणार नाही.

दुसरं, तुम्ही जे ८० ला बंद म्हणताय ते मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै इंजिनवाल्या होड्या बंद, मासळीचा विणीचा काळ आणि दर्या पण खवळलेला. त्याच्या आधी कायदा नव्हता तेव्हाही म्हातारी माणसं नारळी पौर्णिमेशिवाय होडी काढत नसत. दर्याला नारळ दिला की मग. तुमच्या तळ्याची पण पौर्णिमा ठरवून टाका म्हणजे भांडण नको.

सह्याद्री_भटक्या | २१ जुलै, रात्री ८:२५

रेवदंडेकर काका, खायचा नाही तर हात पण लावायचा नाही हे आपल्याकडेही आहेच की! महाडजवळ वाळणकोंड पाहिलाय का, काळ नदीचा डोह, वरदायिनीचं देऊळ? कुरमुरे टाकले की मोठे मोठे महासीर वर येतात. देवीचे मासे, कुणी धरत नाही. तिथे झुलत्या पुलावर उभं राहून बघितलेत, हातभर तर सहज.

रेवदंडेकर | २१ जुलै, रात्री ८:५१

पाहिलाय. पण तिथे हातच लावत नाहीत. इथे काटा टोचून, दमवून, फोटो काढून मग दया. मला ते जमत नाही एवढंच.

अर्धी_मिनेसोटाची | २१ जुलै, रात्री ११:२०

काका, ह्या प्रश्नाचं चोख उत्तर माझ्याकडे नाही आणि मला वाटतं कुणाकडेच नाही. मी धरते कारण मला धरायला आवडतं. त्याला निसर्गप्रेम वगैरे म्हणणार नाही.

पण सोडायची पद्धत कुठून आली ते सांगते. जुन्या काळी इथे मस्की सर्रास मारत. रिसॉर्टच्या दारात खिळ्याला ओळीने टांगलेले, शेजारी टोपीवाले पुरुष, असे फोटो उत्तर विस्कॉन्सिनमधल्या प्रत्येक जुन्या बारमधे दिसतात. हेवर्डला तर १४३ फुटी मस्कीचा पुतळा आहे, त्याच्या जबड्यात उभं राहून लोक फोटो काढतात (मी पण काढलाय, सासूबाईंबरोबर). तिथले रेकॉर्ड मासे १९४९ चे, ६९ पाउंड ११ औंसवाला तर त्यातला सगळ्यात गाजलेला, आणि खरा का खोटा ह्यावर आजही मारामाऱ्या होतात. पण हा मासा मुळात विरळ. ५० इंच व्हायला पंधराएक वर्षं लागतात. तो एकदा मारला की तळं पंधरा वर्षांनी मागे. हे लक्षात आल्यावर १९६६ मधे सेंट पॉलला मस्कीज इंक नावाची संस्था निघाली, त्यांनी सोडायचं वळण लावलं, तळ्यांत पिल्लं सोडली. मिनेसोटात आता बहुतेक तळ्यांत ५४ इंचाखालचा ठेवताच येत नाही, म्हणजे व्यवहारात सगळेच सुटतात.

त्यातूनच हा आंधळा डाग तयार झालाय असं माझं मत. सोडला की आपलं काम संपलं, पुण्य मिळालं, असं वाटतं. उन्हाळ्यात ते पुण्य खोटं निघतं. तुमचा नारळी पौर्णिमेचा मुद्दा मी आमच्या ग्रुपवर टाकणार आहे, नाव ‘रेवदंड्याचे काका’ असं देते.

रेवदंडेकर | २२ जुलै, सकाळी ६:१०

द्या. आणि नारळ इथून पाठवत नाही, पोस्टेज परवडत नाही 😀

बांगडा_तिरफळ | २२ जुलै, सकाळी ८:००

मी आलो होतो रेसिपी विचारायला, थर्मोक्लाइन शिकून चाललो. वाचनखूण साठवली.

मोनोनाकाठी | ३० ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, हिशोब द्यायला.

मोठा रॉड परत आला. नेट घेतलं, एवढं मोठं की गॅरेजमधे बायकोची सायकल बाहेर काढावी लागली, त्यावर वेगळी चर्चा झाली. बोल्ट कटर घेतला. थर्मामीटर मुलीकडे दिलाय, चार फुटांवर दोरीला लाल रिबन बांधलीये, रोज संध्याकाळी धक्क्यावरून सोडते आणि वहीत लिहिते. २४ जुलैला ८३. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ७९, मित्र म्हणाला चल आता, मी नाही म्हणालो. तो गेला, एक फॉलो, रिकामा आला, आणि मला बरं वाटलं हे इथेच कबूल करतो. आम्ही बापलेक ब्लूगिल आणि कॅटफिश करत बसलो. काल ७३.

शिकागोकर काका, तुमची आठवण आली. परवा रात्री साडेदहाला मोजलं तर ७४, पहाटे साडेपाचला ७३. ताईंचं खरं आहे.

शिकागोकर_जुना | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१५

बरं. मी पण एक थर्मामीटर मागवलाय. बायकोला सांगितलं बाथटबसाठी आहे.

मोनोनाकाठी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

परवा ५८. सकाळी धुकं, बोटं वाकत नव्हती, हळू ओढायचं मोठं रबरी लुअर. दुपारी एकच्या सुमाराला मोडलेल्या वीडजवळ लागला. मोठ्या रॉडवर जेमतेम दीड मिनिट. नेटमधेच ठेवला, दोन काटे कापले, कच कच, मित्राने वरूनच पाण्यातला फोटो काढला. नेट खाली केलं तर धरायची पण गरज पडली नाही, स्वतःच वळून गेला. लांबी मोजलीच नाही, चाळीसच्या आसपास असावा.

मुलीला फोटो दाखवला तर म्हणे ह्यात तर नुसतं नेट आणि पाणीच दिसतंय, मासा कुठाय. झूम करून शेपटी दाखवली. आता ती रोज शाळेतून आल्यावर काठाने लव्हाळ्यात बघून येते. अजून तीन दिवस बघणार म्हणते.